भिवरा कासारीण आणि न फुटलेल्या बांगड्या

ही गोष्ट कधीची, ते कुणालाच माहीत नाही. ज्या म्हाताऱ्याला विचारावं तो ती आपल्याच आज्याच्या नावावर खपवतो, म्हणून तिथी-वार सोडून द्या. एवढं नक्की, की तेव्हा तांबवडला राजा होता, राजाच्या हाताखाली बासष्ट गावं होती, आणि त्या बासष्ट गावांतल्या बायकांच्या हातांत बांगड्या भरणारी एकच कासारीण होती. तिचं नाव भिवरा.

भिवराचा नवरा फिरस्तीला कंटाळायचा. तो घरी बसून बांगड्यांच्या माळा ओवायचा आणि भिवरा एका म्हाताऱ्या तट्टावर त्या लादून गावोगाव हिंडायची. तिची बोटं अशी होती, की बाईचा अंगठा आत दाबून, हाताचे सांधे मऊ करून ती बांगडी चढवायची आणि बाईला कळायचंही नाही. झोपलेल्या बाळंतिणीला तिने चुडा भरला आणि बाळंतीण जागी झाली नाही, असं म्हणतात.

तिच्या धंद्याचा एक नियम होता. हाताला काय दिसलं ते तोंडाने बोलायचं नाही. कुणाचं मनगट भाजलेलं, कुणाचं मुरगळलेलं, कुणाच्या मनगटावर पाच बोटांचे वळ. बाई सांगेल तेवढंच ऐकायचं, बांगडी भरायची, पदरात पडेल ते धान्य घ्यायचं आणि पुढच्या घरी जायचं. हा नियम कुणी केला? म्हाताऱ्यांनीच केला असणार. असले नियम दुसरं कोण करतं?

आता तांबवडची रीत ऐका. राज्य सुखी आहे की दुखणाईत, हे ओळखायचं कसं? इतर कुणी गावोगाव माणसं धाडली असती. तांबवडच्या दरबारात बारा म्हातारे होते आणि त्यांचा म्होरक्या होता केसोपंत कारभारी. या बाराजणांनी एक सोपी युक्ती काढली होती. दर दसऱ्याला वाड्यासमोरच्या चौकात मोठा तराजू टांगायचा, एका पारड्यात राजा बसवायचा, दुसऱ्यात गूळ घालायचा. गेल्या वर्षापेक्षा जास्त गूळ लागला, की दवंडी पिटायची, "राज्याची प्रकृती उत्तम हाय हो!" मग तो गूळ बाराजण घरी न्यायचे.

राजा हैबतराव तसा वाईट नव्हता. लहानपणी तो फार किडकिडा होता. जगतो की नाही, अशी अवस्था. तेव्हा केसोपंताने ठरवलं, की बासष्ट गावांतल्या लग्न झालेल्या बायकांनी राजासाठी सोमवार धरायचा. दिवसभर उपास, रात्री भाकरीचा एक तुकडा. योगायोग म्हणा, राजाने त्या वर्षी अंग धरलं. झालं! उपास लागू पडला. मग गुरुवारही लावला. राजा अजून वाढला. मग शनिवार लावला. आणि या गोष्टीच्या आदल्या वर्षी मंगळवारही आला. हैबतराव तीस वर्षांचा झाला तेव्हा चार माणसं लावल्याशिवाय त्याला घोड्यावर बसवता येत नसे, आणि तांबवडच्या बायका आठवड्यातले चार दिवस उपाशी असत.

"आणि पुरुषांचं काय?" असं कुणीतरी विचारलं होतं म्हणतात.

"पुरुषांना शेतात राबावं लागतं," केसोपंत म्हणाला.

भात काय मग आपोआप लावलं जात होतं? नांगराच्या मागे वाकून रोपं कोण लावत होतं? पण दरबारात तेव्हा एकही बाई नव्हती, आणि जे पुरुष होते ते जेवून आले होते.

त्या वर्षी नागपंचमीच्या आधी भिवरा बांगड्या भरायला निघाली आणि पहिल्याच गावात चक्रावली. अडीचच्या मापाची बाई, तिला बांगडी चढवली तर ती कोपरापर्यंत गेली. दुसरीला सव्वादोनची भरली, तीही सैल. संध्याकाळी बघते तर दोनचं माप, जे लहान पोरींसाठी असतं, त्याची माळ संपली होती आणि अडीचची माळ तशीच भरलेली.

भिवराला पहिला संशय भट्टीवाल्याचा आला. तडक भट्टीवर गेली. "काय रं दगडू, साचा बदललास व्हय? समदा माल मोठा आलाय."

दगडू चिडला. त्याने साच्याची काठी तिच्या पुढ्यात आपटली. "माझ्या आज्यापास्नं ह्योच साचा हाय. तुझंच डोळं गेलं आसतील, म्हातारे."

भिवराने काठीला बांगडी लावून बघितली. अचूक बसली. मग तिने आपल्या स्वतःच्या हाताला लावली. तिची बांगडीसुद्धा सैल होती, आणि ते तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं! दुसऱ्यांचे हात बघता बघता बाई स्वतःचा हात बघायला विसरली होती.

मग साचा तोच, काच तीच. बदलले ते हात. पण बासष्ट गावांतले हात एकाच वेळी कसे काय आटतील? साथ म्हणावी तर ताप नाही, पटकी नाही. भिवराला रात्रंदिवस तोच एक भुंगा लागला.

अशात ती उंबरठाणला आपल्या लेकीकडे पोचली. लेक पुतळा पाच महिन्यांची गरोदर होती, पहिलटकरीण. भिवराने लेकीचा हात हातात घेतला. दोन वर्षांपूर्वी लग्नात याच हातात तिने अडीचचा हिरवा चुडा भरला होता, भरताना पुतळा ओरडली होती. आज दोनचं माप न दाबता आत गेलं.

"बाकीचा चुडा कुठाय गं?"

पुतळाने इकडेतिकडे बघितलं. मग दळणाच्या खोलीत नेऊन जात्याखालची वीट उचलली. खाली सहा बांगड्या होत्या. सगळ्या अख्ख्या.

"निसटल्या गं आये. पीठ मळताना, धुनं धुताना. कुनाला सांगू नगंस."

तुम्हाला माहीत आहे, बांगडी फुटते. फुटली म्हणायचं नसतं, वाढवली म्हणायचं असतं, तेही असो. पण अख्खी बांगडी हातातून निसटणं म्हणजे नवऱ्याच्या जिवाला धोका, अशी त्या मुलखात समजूत. तशी बांगडी पुन्हा घालायची नाही, फोडायची नाही, टाकायचीही नाही. मग बाई करणार काय? लपवणार. आणि गप्प बसणार.

भिवराने त्याच सांजेला भाकरी थापली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि लेकीपुढे धरली. पुतळा मागे सरकली. "आज मंगळवार हाय."

"पोटात प्वार हाय तुझ्या!"

"म्हनूनच भ्या वाटतं. ह्या वर्षात गावातल्या दोघी बाळंतपनात गेल्या. मामंजी म्हनलं, त्यांनी चोरून खाल्लं व्हतं."

तिचे मामंजी म्हणजे उंबरठाणचे पाटील. ते ओसरीवर बसून ऐकत होतेच. "विहीणबाई," ते आतल्या दिशेने म्हणाले, "आमच्या घरात राजाचा उपास मोडायचा न्हाई. मोडायचा आसंल तर लेक घिऊन जावा, आनि पुन्हा आनू नका." एवढं बोलून त्यांनी हातावरची तंबाखू मळली आणि जेवायला किती वेळ, असं विचारलं. मंगळवार असला तरी त्यांची दोन ताटं चुकत नसत.

भिवराने भाकरी झाकून ठेवली. तिने मनातल्या मनात मोजलं. दसऱ्याला पुतळाचा आठवा लागेल. लेक वाचवायची तर त्याच्या आत ही उपासाची रीत मोडली पाहिजे, आणि ती मोडू शकणारं तोंड अख्ख्या मुलखात एकच होतं, राजाचं. पण राजाला सांगायचं काय? बाईचा हात सैल झाला? केसोपंत हसून हाकलून देईल. उपासानेच हात आटले, हे तरी तिला कुठे पक्कं ठाऊक होतं? उपास काय, बायका जन्मभर करतातच.

ते तिला कळलं भोवरवाडीत. आणि तेही चुकून कळलं, असं म्हणतात.

भोवरवाडी नदीपल्याड. वीस-बावीस घरं. तिकडे जायला एकच उतार, आणि त्या उताराला असा भोवरा, की भर उन्हाळ्यातही पाणी गर्जत असायचं. एरवी भिवरा नावेने जाऊन घटकाभरात परतायची; या वर्षी पोचली तीच सांजावताना आणि त्या रात्री नदीला लोंढा आला. चार दिवस अडकून पडली. बसल्या जागी काय करणार? बांगड्या भरू लागली. पहिली बाई आली, भिवराने सवयीने दोनचं माप घेतलं. चढेना. सव्वादोनचं घेतलं. चढेना. अडीचचं दाबून दाबून चढवलं, तर ती बाई किंचाळली, "आक्के, हात मोडतीस का काय!"

भिवराच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईला वाटलं, आपण ओरडलो म्हणून रडली.

दुसरी अडीच. तिसरी पावणेतीन. भिवराने एका म्हातारीला विचारलं, "तुमी सोमवार कसा धरता वो हितं?"

"कसला सोमवार?"

"राजाचा."

"राजाला सोमवारी काय हुतंय?"

"अवो, दवंडी न्हाई का आली? सोमवार, गुरुवार, शनवार, मंगळवार!"

म्हातारी हसून हसून वाकली. "बया! दवंडीवाला येतो की. पर पल्याड हुबा राहून वाजवतो आनि जातो. त्याला भवऱ्याचं भ्या वाटतं. आमास्नी पान्याच्या आवाजात काय ऐकू येनार? आमी हात हालवतो, त्योबी हालवतो."

वीस-पंचवीस वर्षं दवंडीवाला पलीकडून हात हलवत होता. वीस-पंचवीस वर्षं भोवरवाडीच्या बायका नवऱ्याबरोबर एकाच परातीत जेवत होत्या. नाचणीची भाकरी, खेकड्याचं कालवण, आणि बाळंतिणीला आधी वाढत होत्या. तेच ऊन, तोच पाऊस, तीच नदी. फरक एवढाच. भिवरा चार दिवस त्या परातीकडे बघत बसली. मुलखाच्या दुखण्याला नाव सापडलं होतं. वैद्याला नाही सापडलं, बारा म्हाताऱ्यांना नाही सापडलं. कसं सापडणार? त्यांनी कधी हात हातात घेतला नव्हता.

लोंढा ओसरल्यावर भिवरा उलट्या पावली सगळी गावं फिरली. या खेपेला तिने माळा घरीच ठेवल्या, तट्टावर रिकामी पोती टाकली. प्रत्येक घरी ती एकच म्हणायची, "बाय, निसटल्याली बांगडी दे."

"कसली? आमच्यात न्हाई बा तसलं काय."

मग भिवरा लेकीच्या जात्याखालून आणलेली बांगडी पदरातून काढून दाखवायची. "ही माझ्या पुतळाची. नाव कुनाचंच सांगनार न्हाई. फकस्त बांगडी दे."

आणि मग विटा उचलल्या जायच्या. गोठ्याच्या वळचणीतून, उतरंडीच्या तळातून, देव्हाऱ्याच्या मागून बांगड्या निघायच्या. एकीच्या चार, एकीच्या अकरा. जी ती समजत होती, हे फक्त आपल्यालाच झालंय. पोत्यात पडणाऱ्या शेजारणीच्या बांगड्यांचा आवाज ऐकून बायका एकमेकींकडे बघायच्या. नियम मोडला म्हणाल तर भिवराने मोडला. पण कुणाच्या हाताबद्दल तोंडाने ती एक अक्षर बोलली नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती वाड्यात राणीला बांगड्या भरायला गेली. राणीसाहेबांचा हात ती दर वर्षी पडद्याआडून धरायची. तो हात बाहेर आला आणि भिवराला कळेना, की हा राणीचा हात की पुतळाचा. राजाचा उपास राणीला चुकत नव्हता. उलट तिला पाचवा दिवसही लावला होता.

पडद्याआडून हळू आवाज आला, "भिवराक्का, आंघोळ करताना माझी बांगडी निसटते. कुणाला बोलू नका."

भिवराने तो हात सोडला नाही. धंद्यात पहिल्यांदाच तिने तोंड उघडलं आणि सगळं सांगितलं. पुतळाचं, उंबरठाणच्या दोघींचं, भोवरवाडीच्या परातीचं. मग पडदा सरकला.

दसरा उजाडला. चौकात बासष्ट गावांचे पाटील उभे, त्यांच्यामागे दाराशी गावोगावच्या बायका, त्यांत सासऱ्यांबरोबर आलेली पुतळाही. बारा म्हातारे शालीत गुंडाळलेले. राजा पारड्यात बसला, आणि गुळाच्या ढेपा पुढे सरकणार तोच भिवराचं तट्टू गर्दीतून आत आलं. तिने पोती उलटी केली. हिरव्या, लाल, पिवळ्या बांगड्यांचा ढीग पडला, आणि त्याचा आवाज वाड्याच्या मागच्या दारापर्यंत गेला म्हणतात.

केसोपंत ओरडला, "अपशकुन! भर दसऱ्याला राजापुढे फुटक्या बांगड्या!"

"फुटक्या न्हाईत, पंत," भिवरा म्हणाली. "एकबी फुटल्याली न्हाई. हितंच तर घोडं अडलंय."

"हाकला हिला!"

"थांबा." हा आवाज राणीचा होता. ती चौकात आली होती, डोक्यावर पदर, पण पडदा नाही. "यंदा गूळ नको. तो बाराजणांच्या घरात भरपूर आहे. पारड्यात हे घाला."

पाटलांमध्ये कुणी जागचं हललं नाही. मग दाराशी उभ्या असलेल्या बायकांतून एक पुढे आली. मागून दुसरी आली. ओंजळी भरभरून बांगड्या पारड्यात पडू लागल्या. राजाचं पारडं जमिनीला टेकलेलंच होतं. म्हातारे हसले. काचेचं ते वजन काय असणार? शेवटची बांगडी पडली. पारडं हललं नाही.

राणीने आपला हात खाली सोडला. फक्त सोडला. दोन बांगड्या आपोआप निसटल्या आणि पारड्यात पडल्या.

आणि राजा वर उचलला गेला. पाय जमिनीपासून सुटले, तो छातीइतका वर गेला, वाड्याच्या कमानीइतका वर गेला, आणि तिथे लोंबकळत राहिला, असं म्हणतात. तुम्हाला खोटं वाटतंय? वाटू दे. पण गूळ तोलून राज्य सुखी ठरवणं तुम्हाला खरं वाटत होतं ना?

राजा वरून खाली बघत होता. एवढ्या उंचीवरून त्याला पहिल्यांदाच सगळे एकदम दिसले. गोल पोटांचे बासष्ट पाटील आणि त्यांच्यामागे काटक्यांसारख्या बायका. तो घाबरला नाही म्हणतात. त्याला नवलच जास्त वाटलं. त्याने विचारलं, "कासारीणबाई, एवढ्याशा काचेत एवढं वजन कुठून आलं?"

"म्हाराज, ह्यात हात व्हते," भिवरा म्हणाली. "तुमी दर साली जेवढं वाढलासा, तेवढं हे आटलं. राज्याची परकुर्ती बघायची तर तुमचं वजन कशाला करायचं? हात बघायचा."

"आणि केसोपंत, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

केसोपंत म्हणाला, "महाराज, कुणी तक्रारच केली नाही."

हे वाक्य तुम्हीही कुठेतरी ऐकलं असेल. ते अजून जुनं झालेलं नाही.

राजा म्हणाला, "मला खाली घ्या." पण पारडं खाली येईना. माणसं लोंबकळली, दोर ओढले, तरी येईना. तेव्हा राजाला उमगलं. त्याने वरूनच हुकूम दिला: माझ्या नावाचा एकही उपास आजपासून नाही. आणि आज या चौकात आधी बायका जेवतील, मग बाकीचे. चुली पेटल्या. पहिल्या पंगतीला राणी बसली आणि राणीशेजारी भिवराने पुतळाला बसवलं. उंबरठाणचे पाटील समोर उभे होते, त्यांना वाढायला लावलं. एकेक घास गिळला जाऊ लागला तसतसा राजा बोट-बोट खाली येऊ लागला. शेवटची बाई हात धुऊन उठली तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागले. दिवस मावळला होता. राजा सकाळपासून उपाशी होता, आणि भूक म्हणजे काय हे त्याला त्या दिवशी कळलं.

पुतळा मार्गशीर्षात सुटली. पोरगी झाली, चिमणीएवढी, पण जगली. पुतळाला अडीचचा चुडा पुन्हा बसायला दीड वर्ष लागलं. ज्या दिवशी बसला त्या दिवशी ती परत ओरडली, आणि भिवरा म्हणे हसत हसत खालीच बसली.

भिवराचं पुढे काय झालं, याच्या दहा गोष्टी आहेत. काही म्हातारे तर सांगतात, की ही सगळी कल्पना मुळात केसोपंताचीच. तांबवडच्या चौकात त्याचा दगडी पुतळा बसवलाय, पोटासकट. भिवराचा नाही. पण भोवरवाडीच्या चिंचेला एक काठी बांधलेली आहे, बांगडीच्या मापाची. ती भिवराने बांधली म्हणतात.

त्या बासष्ट गावांत आजही दसऱ्याला सोनं लुटायच्या आधी हात बघतात. घरातली थोरली बाई प्रत्येकीच्या हातात गेल्या दसऱ्याची बांगडी घालून बघते. जिच्या हातातून ती निसटली, तिला त्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी ताट. आणि बांगडी पुन्हा घट्ट होईपर्यंत त्या घरातल्या म्हाताऱ्याने सगळ्यात शेवटी जेवायचं. म्हातारे कुरकुरतात. कुरकुरू देत.

आणखी एक. त्या मुलखात कुण्या बाईला "कशी आहेस?" असं विचारलंत, तर ती "बरी आहे" म्हणत नाही. ती हात पुढे करते. आणि विचारणाऱ्याने ते मनगट हातात घेतल्याशिवाय तिथून हलायचं नसतं.